वानगीप्रमाणे माल

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत असा कार्यकारी मंडळाचा निरोप आला. धान्याचे भाव, आडत किंवा बाजार समितीचे नियम यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही लिहू, अशी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु गेली काही वर्षे आमच्या पेढीवर आणि आमच्या घरात ज्या प्रश्नाची सर्वांत अधिक चर्चा झाली, तो प्रश्न निराळाच आहे. मोबाईल फोनच्या व इंटरनेटच्या साह्याने गिऱ्हाईक कसे मिळवावे आणि मिळालेले गिऱ्हाईक कसे टिकवावे, हा तो प्रश्न होय. साठी उलटलेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभे आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये काढलेल्या घाऊक व्यापाऱ्याने या विषयावर लेखणी उचलावी, याचे काही तरुण सभासदांस हसू येईल. येवो. ज्यास ठेच लागली त्याने मागून येणाऱ्यास दगड कोठे आहे ते सांगावे, एवढाच आमचा अधिकार आहे.

धान्याच्या व्यापारात वानगीचे महत्त्व काय, हे आपणांस सांगावयास नको. आमच्या तीर्थरूपांच्या काळी शाळू ज्वारी, तूरडाळ, हरभरा, तांदूळ यांच्या वानग्या कागदाच्या पुड्यांत बांधून, वर मालाचे नाव व भाव लिहून, एस.टी.च्या चालकाबरोबर खानापूर, चंदगड, सावंतवाडी आणि घाटाखाली गोव्यापर्यंत पाठविल्या जात. दुकानदार ती पुडी जपून ठेवी. माल पोहोचला की एका तळहातावर वानगी आणि दुसऱ्यावर पोत्यातील दाणे घेऊन तो उजेडात पाही. चिठ्ठीवर शेवटी दोनच शब्द असत : ‘वानगीप्रमाणे माल’. तेवढ्यावर हजारोंची उधारी चाले. कोर्टाची पायरी चढण्याची वेळ क्वचितच येई. कारण वानगीप्रमाणे माल न देणाऱ्याची पुडी दुसऱ्यांदा कोणी उघडतच नसे.

आज ती पुडी फोनमध्ये गेली आहे, असे आमचे मत आहे. फोनवरील छायाचित्र, भाव, गोड शब्द, दुकानाचे वर्णन आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय, ही सर्व वानगीच होय. साधन पालटले, परंतु त्या दोन शब्दांचे बंधन पालटलेले नाही. ही गोष्ट आम्हांस प्रथमच उमगली असती तर पुढील पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

साधन पालटले कसे, याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१६ साली युपीआयची पद्धत सुरू झाली आणि त्याच वर्षी इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाला व हिशेब संगणकावर नेणे भाग पडले. २०१८ च्या आरंभी व्यापाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचे निराळे अ‍ॅप निघाले. तरीही आमच्यासारखे अनेकजण ‘हे शहरांचे खूळ आहे’ असे म्हणून स्वस्थ बसले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि स्वस्थ बसण्याची सोय संपली. ज्या दुकानदारांनी कधी यादी लिहून पाठविली नव्हती, ते फोनवर यादीचे छायाचित्र पाठवू लागले. टाळेबंदी उठली, परंतु ती सवय उठली नाही. आज घरातील गृहिणी पोहे संपले तर फोनवर दोन बोटे फिरविते आणि मोठ्या शहरांत दहा-पंधरा मिनिटांत पुडा दारात येतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे काय होणार हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे. आणि तो दुकानदार हेच ज्याचे गिऱ्हाईक, त्या घाऊक व्यापाऱ्याचे काय होणार, हा त्याच्याच पोटातील दुसरा प्रश्न आहे. हा विषय हौसेचा नव्हे, पोटाचा आहे, हे प्रथम सांगून ठेवतो.

आमच्या पेढीवर या कामास आमचे चिरंजीव व सूनबाई यांनी हात घातला. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावयास पैसे पडत नाहीत. दुकानाचे नाव, पत्ता, वेळ, सुटीचा दिवस, फोन व छायाचित्रे एवढे भरले, नोंद खरी असल्याची खात्री पटवून दिली, की ‘जवळपास घाऊक धान्य’ असे शोधणाऱ्यास आपले दुकान दिसू शकते. इतके सोपे काम, परंतु त्यातही आम्ही एक चूक केली. सुटीची नोंद अद्ययावत ठेवली नाही. एका सणाच्या दिवशी चंदगडाहून टेम्पो घेऊन आलेले गृहस्थ बंद दाराशी तासभर उभे राहून परत गेले. फोनवर ‘दुकान उघडे आहे’ असे लिहिले होते. पाटीवर लिहिलेले खोटे ठरले, मग ते आळसाने असो वा लबाडीने, गिऱ्हाइकास दोन्ही सारखेच.

दुसरी ठेच अधिक मोठी होती. जाहिरातीचे काम करणाऱ्या एका तरुणास चिरंजीवांनी छायाचित्रांचे काम सांगितले. त्याने आमच्या तांदळाऐवजी कोठून तरी मिळविलेले, मोत्यासारखे लखलखणारे तांदळाचे चित्र टाकले. ते पाहून गोव्याकडील एका नव्या दुकानदाराने दहा पोती मागविली. आमचा तांदूळ वाईट नव्हता. भावाच्या मानाने चांगलाच होता. परंतु तो चित्रातला नव्हता. त्यांनी माल परत पाठविला आणि आमच्या नावाखाली सर्वांस दिसेल असे लिहिले, ‘दाखविले एक, दिले दुसरे.’ ते वाचून आम्हांस प्रथम राग आला. पन्नास वर्षांच्या पेढीस असे बोलणारा हा कोण, असे वाटले. रात्री शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले, की तीर्थरूपांच्या काळी पुडीत एक दाणा व पोत्यात दुसरा असता, तर त्यांनी आम्हांस काय म्हटले असते? दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः फोन करून क्षमा मागितली, जाण्यायेण्याचे भाडे व हमाली आम्ही सोसली आणि त्यांच्या अभिप्रायाखाली चूक कबूल केल्याचे चार ओळींत लिहिले. तो अभिप्राय आजही तेथे आहे. तो काढून टाकता येईल का, असे चिरंजीवांनी विचारले होते. आम्ही नको म्हटले. पेढीच्या भिंतीवरील घड्याळाप्रमाणे तो असू द्यावा, येताजाता नजर जावी, एवढीच इच्छा.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झाला. छायाचित्र आपल्याच पोत्यातील मालाचे, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर पसरून, रंग न चढविता काढावयाचे. त्याखाली मालाचे गाव, हंगामाचे वर्ष आणि छायाचित्राची तारीख लिहावयाची. डाळीत तुकडा असेल तर तोही चित्रात दिसला पाहिजे. हल्ली यंत्राच्या बुद्धीने हवे तसे चित्र क्षणात तयार करून मिळते. कोणत्याही शेतात न पिकलेला गहू फोनवर सोन्यासारखा डोलू लागतो. पिकल्याशिवाय दाखविलेल्या अशा गव्हाची भाकरी कोणी खाऊ शकत नाही, आणि अशा वानगीवर पेढीही चालत नाही.

याच सुमारास एक गृहस्थ पेढीवर आले व ठराविक रकमेत शे-दोनशे उत्तम अभिप्राय मिळवून देण्याची तयारी त्यांनी दाखविली. ‘सगळेच करतात,’ असे ते म्हणाले. चिरंजीवांचे मन थोडे डळमळले, हे लपवीत नाही. समोरच्या दुकानास पाच तारे आणि आपणांस साडेतीन, हे तरुण मनास सोसत नाही. आम्ही नकार दिला. या नकारामागे कायद्याचे भय होतेच. इलेक्ट्रॉनिक व्यापारासंबंधीचे ग्राहक संरक्षणाचे २०२० चे नियम विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई करतात. ऑनलाइन अभिप्रायांविषयी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली मानकही प्रसिद्ध केले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु आपल्या समाजास दंडाच्या आकड्यावरून हे समजावे लागू नये. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या व्रतांचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे, हीनाधिक मानोन्मान म्हणजे घेण्याचे एक व देण्याचे दुसरे माप ठेवणे आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल खपविणे, ही तीन नावे आपण पाठशाळेत लहानपणी घोकली आहेत. विकत घेतलेला अभिप्राय पहिल्यात आणि उसने छायाचित्र तिसऱ्यात बसते, याविषयी आम्हांस तरी शंका वाटत नाही. फोन नवा असला तरी मोहाचे प्रकार जुनेच आहेत.

गिऱ्हाइकास घाई करविण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या आहेत त्यांविषयीही एक शब्द. ‘फक्त दोनच पोती शिल्लक’, ‘हा भाव दहा मिनिटेच’ असे खोटेच लिहावयाचे. आरंभी एक किंमत दाखवून शेवटी निरनिराळे आकार जोडावयाचे. न मागितलेली वस्तू यादीत घुसवावयाची. अशा तेरा प्रकारांची नावे घेऊन केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मोठ्या कंपन्यांस भले या युक्त्या परवडत असतील. त्यांचे गिऱ्हाईक त्यांस ओळखत नाही व ते गिऱ्हाइकास ओळखत नाहीत. आपले गिऱ्हाईक आपल्या मुलांच्या लग्नास येते. त्यास एकदा फसविले तर त्याच्या समोर बसून जेवावे कसे?

आता गिऱ्हाईक टिकविण्याविषयी. आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरले ते महागडे जाहिराततंत्र नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरील साधी प्रसारण यादी होय. एक निरोप लिहिला की यादीतील प्रत्येकास तो स्वतंत्र पोहोचतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की जी कळल्यावर आम्ही थक्क झालो : ज्याने आपला नंबर आपल्या नावाने स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे, त्यालाच तो निरोप जातो. म्हणजे आपण कितीही लोकांची यादी केली तरी ज्याने आपणांस जवळ ठेवले आहे तोच ऐकणार. यंत्राने केलेली ही व्यवस्था आम्हांस फार न्यायाची वाटते.

परंतु तेथेही मर्यादा पाळावी लागते. आरंभी उत्साहाच्या भरात आमच्याकडून रोज सकाळी सुविचार, फुलांची चित्रे आणि भाव, असे सर्व काही जात असे. लोकांनी निरोप उघडणेच बंद केले. आता आठवड्यातून एकदा, आणि सांगण्याजोगे असेल तरच, निरोप जातो. नवी तूर बाजारात आली, शाळूचा भाव उतरला, उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणाऱ्यांसाठी गहू आला, पर्युषणाआधी मूगडाळीची मागणी लवकर कळवावी, एवढेच त्यात असते. कोणता दुकानदार काय नेतो हे जुन्या दिवाणजींच्या तोंडी असे. आता ते खतावणीवरून सूनबाई काढतात आणि ज्यास तांदूळ लागत नाही त्यास तांदळाचा निरोप पाठवीत नाहीत. गिऱ्हाइकाचा वेळ हेही त्याचेच धन आहे, ते न विचारता घेऊ नये.

गिऱ्हाइकाचा नंबर आणि त्याच्या खरेदीची माहिती यांविषयी तर अधिक जपले पाहिजे. नंबरांच्या याद्या विकत देणारे व घेणारे आज पुष्कळ आहेत. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे आणि संमतीवाचून माहिती वापरू नये हा त्याचा गाभा आहे. एका दुकानदाराची उधारी दुसऱ्याच्या कानी घालणाऱ्या व्यापाऱ्यास पूर्वी पेठेत कोणी जवळ उभे करीत नसे. विश्वासाने हाती दिलेला नंबर ही ठेव आहे.

यापुढील मुद्दा काही बंधूंस कडू वाटण्याचा संभव आहे, तथापि तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. फोन हाती आल्यावर घाऊक व्यापाऱ्यास पहिला मोह होतो तो किरकोळ दुकानदारास ओलांडून थेट घरोघर माल विकण्याचा. आम्हीही २०२२ साली पाच किलोच्या पिशव्या करून शहरात घरपोच देऊ लागलो. त्याच वर्षीच्या १८ जुलैपासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के कर आला. वेष्टनावर छापावयाच्या मजकुराचे नियम होतेच. ते सर्व सांभाळूनही चार पैसे सुटत होते. चिरंजीव आनंदात होते. घाऊक भावाची यादीही त्यांनी सर्वांस दिसेल अशी लावली होती.

मग एके दिवशी एक जुने दुकानदार पेढीवर आले. तीस वर्षांचे खाते. तीर्थरूपांच्या निधनानंतर जी माणसे आमच्या पाठीशी उभी राहिली त्यांतील हे एक. त्यांनी चहा घेतला, बाकी चुकती केली आणि उठताना शांतपणे म्हणाले, “अण्णा, माझ्या गिऱ्हाइकाच्या फोनवर तुमचाच भाव आणि तुमचीच पिशवी. मग मी कशाला?” ते भांडले असते तर बरे झाले असते. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. आम्ही दोनदा त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी मान राखला, परंतु माल मागविला नाही. तीस वर्षांत जोडलेले गिऱ्हाईक आम्ही पाच किलोच्या पिशवीसाठी घालविले.

त्या रात्री पितापुत्रांत बरेच बोलणे झाले. चिरंजीवांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ते म्हणाले, “अप्पा, आपण नाही विकले तर मोठी कंपनी विकणारच आहे. दुकानदार तेव्हाही जाईल. निदान गिऱ्हाईक तरी आपल्याकडे राहील.” या युक्तिवादास आमच्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. पुढे विचारांती जे सुचले ते असे. कंपनीपाशी भांडवल आहे आणि घाटा सोसण्याची ताकद आहे. त्या खेळात आपण तिच्यापुढे एक दिवस टिकणार नाही. आपल्यापाशी जे आहे ते तिच्यापाशी नाही : प्रत्येक गल्लीत एक माणूस, ज्यास कोणत्या घरी कोण आजारी आहे आणि कोणास महिनाअखेरपर्यंत उधार द्यावे लागते हे ठाऊक आहे. तो माणूस म्हणजे किराणा दुकानदार. त्यास बाजूस सारून आपण आपलेच हत्यार टाकून देतो.

सबब आम्ही पद्धत पालटली. घाऊक भावाची यादी आता केवळ दुकानदारांस जाते. घरून मागणी आली तर ती त्या भागातील आमच्या दुकानदाराकडे पाठवितो. माल तोच, पिशवी त्याच्या दुकानातून. मालाची खरी छायाचित्रे व वर्णन आम्ही दुकानदारांस तयार करून देतो, म्हणजे त्यांनी ती आपल्या गिऱ्हाइकांस आपल्या नावाने पाठवावीत. आठ-दहा जणांची नकाशावरील नोंदही सूनबाईंनी करून दिली. यात आमचा प्रत्येक पिशवीमागे मिळणारा नफा कमी झाला आणि काही मागण्या वाटेत हुकतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु दोन दुकाने जी बंद करावयाच्या गोष्टी चालल्या होत्या, ती आज चालू आहेत व माल आमच्याकडून नेत आहेत. चिरंजीवांचे समाधान पूर्ण झाले आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ही पद्धत आज तेच चालवितात.

या अनुभवावरून संघटनेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, दरवर्षी दिवाळीपूर्वी सभासदांसाठी दोन दिवसांचे शिबिर भरवावे व त्यात नकाशावरील नोंद, मालाचे छायाचित्र, प्रसारण यादी आणि तक्रारीस उत्तर देण्याची रीत एवढेच शिकवावे. शिबिरास सुना व मुली यांस अवश्य बोलवावे. पुष्कळ घरांत हे काम त्याच करीत आहेत, मात्र सभासद म्हणून त्यांचे नाव कोठेच नाही. दुसरी, धान्याच्या छायाचित्राखाली गाव, हंगाम व तारीख लिहिण्याचा नियम सर्व सभासदांनी स्वेच्छेने पाळावा. आज लोक फोनला बोलून विचारतात आणि यंत्र जे ठिकठिकाणी लिहिलेले असेल त्यावरून उत्तर देते. आपले लिहिलेले खरे व पूर्ण असेल तर त्याचा उपयोग तेथेही होईल. तिसरी, सभासदाविरुद्ध गिऱ्हाइकाची तक्रार आल्यास ती ऐकावयास तीन ज्येष्ठांची समिती असावी. पूर्वी पेठेत असे तंटे गादीवर बसून मिटत. आता तक्रार साऱ्या जगापुढे लिहिली जाते. ती आधी आपल्या कानी यावी, अशी काही सोय हवी.

ज्येष्ठ बंधूंस आमची विनंती आहे की फोनवर रुसून बसू नये. ‘आमचे नाव आहे, आम्हांस जाहिरात कशाला?’ हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे बोललो. नाव होते, परंतु ज्यास ते ठाऊक होते ती पिढी उठून चालली आहे आणि नवी पिढी नाव फोनमध्ये शोधते. तरुणांस सांगणे एवढेच, की गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणावयास फोन पुरे होतो, दुसऱ्यांदा आणावयास तो पुरत नाही. दुसऱ्यांदा ते येते ते पोते उघडून पाहिल्यावर.

तीर्थरूपांच्या वेळची एक वानगीची पुडी आमच्या गल्ल्यात अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, दाण्यांचे पीठ झाले आहे, परंतु अक्षर वाचता येते. मागील महिन्यात चिरंजीवांनी त्या पुडीचे छायाचित्र काढले आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीवर सर्वांत वर लावले. खाली भाव नाही, फोन नंबर नाही. ते दोन शब्दच आहेत. आम्ही सांगितले नव्हते.

इत्यलम्. जय जिनेंद्र.